सूचना : कंबोडियाला निघण्यापूर्वी

सहप्रवाशांना नमस्कार. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, हे आजच पाहा. तिथे अमेरिकी डॉलर सर्रास चालतात, सुट्टे मात्र रिएल या तिथल्या चलनात मिळतात (डॉलरला साधारण ४,०००). कडेला जराशी फाटलेली नोटही दुकानदार परत करतात, तेव्हा नोटा एकेक तपासूनच घ्या.

अंगकोर वाट मंदिराच्या सर्वांत वरच्या भागात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. वरून नुसती ओढणी घेतलेली चालत नाही. पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी खालूनच दर्शन घ्यावं, आग्रह नको. नळाचं पाणी पिऊ नये. आणि कळकळीची विनंती : खेड्यापाड्यांत मळलेली वाट सोडू नका, युद्धकाळातले सुरुंग अजूनही जमिनीत आहेत.