अण्णांच्या मानेचं ठरवलंय

आई, अण्णा,

फोन केला की अण्णा "बरंय, बरंय" करून आईकडे देतात, म्हणून लिहितेय. मानेच्या फुगवट्याच्या ऑपरेशनची तारीख घेतलीय, इथे नाशिकलाच. न विचारता घेतली, माहितीये, पण विचारलं असतं तर आधी छाटणी, मग दिवाळी, मग माल निघायची गडबड, असं करत वर्ष गेलं असतं. द्राक्षांच्या गोड्या छाटणीच्या आधी सगळं उरकतंय, आणि बाग दादा बघेल, मी बोललेय त्याच्याशी.

पहिलं म्हणजे घाबरू नका, कॅन्सर नाही. सुई टाकून तपासलं, नुसती चरबी आहे, थायरॉईडही नॉर्मल. ह्याला मॅडेलुंग डिसीज म्हणतात, त्या नावाच्या जर्मन सर्जननी 1888 मध्ये असे 33 पेशंट लिहून ठेवलेत, तेव्हा अण्णा, तुम्ही काही जगावेगळे नाही. आणि आई, तू त्यांच्या ताटातली भाकरी कमी करणं थांबव. ही चरबी उपाशी राहून उतरत नाही. हातपाय काडीसारखे आणि मान एवढी, हे बघूनही लोक "खाऊन सुटलेत" म्हणतात, म्हणू देत.

स्कॅन मला स्क्रीनवर दाखवलं. साध्या चरबीच्या गाठीला पिशवी असते, ती अख्खी निघते, ह्याला पिशवीच नाही, शिरा आणि नसांच्या मधेमधे शिरलीय. म्हणून सगळी काढता येत नाही, पुढची काढतील, जिच्यामुळे घास अडकतो आणि रात्री घोरता घोरता श्वास थांबतो. लायपोसक्शनचंही, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायचं, विचारलं, पण मानेत उघडून, डोळ्यांनी बघत काढलेलं बरं म्हणाले. परत वाढू शकते, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता अण्णा, रागवू नका. रात्रीची क्वार्टर. ती चालू राहिली तर परत वाढायचा धोका जास्त. हा आजार न पिणाऱ्यांनाही होतो आणि पिणाऱ्या बहुतेकांना होत नाही, त्यामुळे कुणी कर्माची फळं वगैरे काढलं तर सरळ उठून जा. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरा आकडा सांगायचा, आईसमोर सांगता तो नाही. आणि मनानेच एकदम बंद करू नका, हात थरथरतात, घाम फुटतो, कधी झटकेही येतात. ते सांगतील तसंच सोडायचं.

इथल्या 2003 च्या कुंभात मी तुमच्या खांद्यावर बसून गंगेवर, आपल्या गोदावरीवर, गेले होते, दोन्ही कान धरून, आणि तुम्ही सगळ्यांना "आमची कलेक्टरीण" म्हणून सांगत होतात. तेव्हा कॉलरचं बटण लागायचं तुमचं. आता टेलर कॉलर मोठी करून करून थकला.

इथे काही कमी पडणार नाही. लिफ्ट आहे, संडास कमोडचा आहे, खिडकीशी पलंग टाकलाय, डोकं उंच ठेवायला उशा जास्तीच्या घेतल्यात. पेपर सकाळी येतो. आईला काळारामाला मी नेईन, रिक्षाने. मिसळ मात्र टाके निघेपर्यंत नाही, मऊ भात-वरण.

शर्ट पुढून बटणांचेच आणा, बनियन डोक्यातून घालता येणार नाही, जखमेतलं पाणी बाहेर काढायची ड्रेनची नळी असेल. जुने रिपोर्ट कपाटातल्या निळ्या पिशवीत आहेत, आई, सगळे घे, लिव्हरचे वेगळे काढून ठेव. रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका, चालूही ठेवू नका, आजच फोन करा. दादा रविवारी गाडी घेऊन येतोय, तयार राहा.

तुमची,
छकुली