मैद्याला झोडपून झालं असेल तर...

मा. संपादक,

कालच्या आरोग्य पुरवणीतला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. मैदा, फास्ट फूड, बैठं काम, सिगरेट, दारू, सगळ्यांना यथेच्छ झोडपलंय, झोडपा, आमचं काही म्हणणं नाही. पण आनुवंशिकतेच्या वाट्याला शेवटी एकच ओळ, की काहींना तो घराण्यातून येतो आणि त्याला काही इलाज नाही. अहो, उलट तिथेच तर आधीपासून करण्यासारखं सगळ्यात जास्त आहे!

माझ्या भावाला अडतिसाव्या वर्षी झाला. माळकरी माणूस, भाकरी-भाजी खाणारा, दिवसभर रानात राबणारा. रक्त जायचं तर मूळव्याध म्हणून मलम लावत बसले. वडील याच दुखण्याने पन्नाशीच्या आत गेले, आजी गर्भाशयाच्या कॅन्सरने. ऑपरेशन झालं तिथे वडिलांचं विचारलं, फॉर्मवर टिक मारली, संपलं. पुढे दुसरीकडे एका मॅडमनी आजीचंही विचारलं, गाठीचा ब्लॉक, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढून मेणात जपून ठेवलेला तुकडा, मागवून तपासून घेतला, मग रक्त पाठवलं आणि लिंच सिंड्रोम निघाला. म्हणजे पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते, त्यातल्या चुका दुरुस्त करणारं जीनच बिघडलेलं, आमच्याकडे एमएसएच2 नावाचं. त्यातूनच आतड्याचाही होतो आणि गर्भाशयाचाही, आणि आम्ही इतकी वर्षं आजीचं दुखणं वेगळं, वडिलांचं वेगळं धरून बसलो होतो.

आता हे आई किंवा बापाकडे असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. म्हणून घरातल्या सगळ्यांनी टेस्ट करा म्हणून मी मागे लागलोय आणि धाकटे काका ऐकत नाहीत, कारण त्यांच्या मुलीचं लग्न व्हायचंय, स्थळं येणार नाहीत म्हणे. काल सकाळी त्यांनी तुमच्या लेखाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, बघा, पेपरातच आलंय, खाण्यापिण्यामुळे होतो, उगाच पोरांना घाबरवू नका. झालं, चार जणांचे हात जोडलेले इमोजी! इतके दिवस समजावलेलं तुमच्या एका ओळीने पाण्यात गेलं, त्याबद्दल आपले आभार.

मान्य, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटांत असे साधारण तीनच. पण ज्याच्यात हा बिघाड सापडतो त्याची विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करतात, कोंब दिसला की तिथल्या तिथे काढून टाकतात, म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच. आणि ज्याची टेस्ट निगेटिव्ह आली तो या दर वर्षाच्या दुर्बिणीतून सुटला, काकांच्या मुलीचंही तसंच निघू शकतं की! याला इलाज नाही म्हणायचं का? 1913 साली तिकडे मिशिगनमध्ये वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांनी अशा एका अख्ख्या घराण्याची माहिती छापली होती, आपल्या पुरवणीपर्यंत ती अजून पोचलेली दिसत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, मैद्यावरचा एखादा परिच्छेद कमी करून तेवढं छापलं असतं तरी पुष्कळ होतं. दुरुस्ती छापणार असाल तर कृपया लेखाएवढ्याच अक्षरात छापा, म्हणजे मलाही फोटो काढून ग्रुपवर टाकता येईल.

आणि हो, त्याच पानावर खाली ती जाहिरात, मूळव्याध मुळासकट बरी, तपासणीची गरज नाही. जाहिरात विभाग वेगळा असतो हे माहितीय. पण वर लिहायचं रक्त गेलं तर डॉक्टरांना दाखवा आणि खाली तपासणीची गरज नाही, तर वाचकाने पानाच्या कोणत्या अर्ध्यावर विश्वास ठेवायचा तेवढं कळवावं.

आपला,
एक जुना वाचक, कराड