फौज पाठवण्याआधीचे प्रश्न : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या जुलमी राजवटीविरुद्ध लष्करी कारवाईचा ठराव सुरक्षा परिषदेत येतो तेव्हा भारताने काय करावे, यासाठी हे पत्र. 'अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको' हे आपले ठरीव उत्तर आणि 'हुकूमशहा आहे ना, मग हटवा' ही दुसरीकडची घाई, दोन्ही आम्हाला पटत नाहीत.

केवळ हुकूमशाही आहे म्हणून हल्ला करता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करते. २००५च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व देशांनी मान्य केलेल्या मजकुरात (परिच्छेद १३८ व १३९) सुरक्षा परिषदेमार्फत बाहेरून कारवाई करण्याजोगे चारच गुन्हे आहेत : वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे. निवडणुका लुबाडणे, वृत्तपत्रांना टाळे लावणे यांत बसत नाही, आणि बसूही नये. बॉम्ब पडू लागले की ज्यांच्या नावाने कारवाई सुरू झाली, त्यांच्यातलेच लोक मरतात.

पण कत्तल चालू असेल तर? २१ एप्रिल १९९४ रोजी, रवांडात माणसे कापली जात असताना, सुरक्षा परिषदेने तिथली सुमारे २,५०० जणांची शांतिसेना २७० वर आणायचे ठरवले. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. हात झटकणे हाही निर्णयच असतो.

१९७१चे बांगलादेश युद्ध तर आपलेच उदाहरण. ७ डिसेंबरला आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीची मागणी केली. ते बहुमत चुकले होते, असे आपण आजही मानतो. मग 'परवानगीशिवाय कधीच नाही' असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? कायदेशीर आधार ३ डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्याचा होता हे खरे. पण कारवाई निभावली ती वेगळ्या कारणांनी : १९७०च्या निवडणुकीत लोकांनी कौल दिलेला पक्ष होता, एप्रिलपासून निर्वासित सरकार उभे होते, मुक्तिवाहिनी होती. म्हणून मार्च १९७२ मध्ये आपली फौज परत येऊ शकली. कारभार हाती घ्यायला कोणी तयार नसते, तर ती तिथेच अडकली असती.

आता तपशील, कारण चुका तिथेच होतात. 'नो-फ्लाय झोन' (विमाने उडवण्यास बंदी असलेले क्षेत्र) हा शब्द ऐकायला सौम्य. प्रत्यक्षात समोरच्याची विमाने रोखायची तर बहुधा आधी त्याची रडार आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे तळ उद्ध्वस्त करावे लागतात. म्हणजे पहिल्याच रात्री बॉम्बफेक. एवढे करूनही तोफा आणि बंदूकधारी टोळ्या जमिनीवर मोकळ्याच राहतात. बोस्नियावर १९९३ पासून नाटोची विमाने गस्त घालत होती, तरी जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका या संयुक्त राष्ट्रांनीच जाहीर केलेल्या सुरक्षित क्षेत्रात सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले.

जमिनीवर उतरायचे तर संख्येचा ढोबळ ठोकताळा आहे : दर हजार वस्तीमागे २० सैनिक. कोसोव्होत सुमारे २० लाख वस्तीसाठी १९९९ मध्ये सुमारे ५० हजारांची फौज ठरली. इराकची वस्ती २००३ मध्ये सुमारे अडीच कोटी होती, म्हणजे ५ लाख सैनिक हवे होते. अमेरिकेचे दीड लाखाच्या आसपास होते. बगदाद घ्यायला तेवढे पुरले, राखायला नाही. त्यात अमेरिकी प्रशासनाच्या १६ मे २००३ च्या आदेशाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरांतले अधिकारी घरी गेले आणि २३ मेच्या आदेशाने सैन्यच बरखास्त झाले. सुमारे ४ लाख शस्त्रशिक्षित माणसे एका फटक्यात बेकार! पुढच्या बंडाला आयती भरती मिळाली, यात नवल ते काय.

लिबियाबाबत १७ मार्च २०११ चा ठराव क्रमांक १९७३ नागरिकांच्या रक्षणासाठी होता. परकीय ताबा-फौजेला त्यात मनाई होती. बेनगाझी शहर वाचवण्यापासून सुरू झालेली मोहीम हुकूमशहा गद्दाफी मारला गेल्यावर ऑक्टोबरअखेर संपली. शस्त्रागारे मात्र राखायला कोणी नव्हते. ती शस्त्रे घेऊन सहारातल्या तुआरेग जमातीचे लढवय्ये आपल्या माली देशात परतले आणि जानेवारी २०१२ मध्ये तिथे बंड पेटले. त्या ठरावावर दहा मते बाजूने पडली आणि पाच देश तटस्थ राहिले. त्यांत आपण होतो. अंमलबजावणीचा तपशील स्पष्ट नाही, हा आपला आक्षेप रास्तच होता. पण तो भाषणात राहिला, ठरावाच्या मजकुरात उतरला नाही.

म्हणून आमची मागणी अशी. पुढच्या वेळी तटस्थ राहून मोकळे होऊ नका. मसुदा लिहिला जात असतानाच त्यात कलमे घालायला लावा. कारवाईचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहा, आणि राजवट बदलणे हे उद्दिष्ट असेल तर सरळ विरोधात मत द्या. परवानगीला ९० दिवसांची मुदत असावी आणि पुढे न्यायची तर नव्याने मतदान व्हावे. नाहीतर एकदा दिलेली परवानगी मागे घेणे नकाराधिकार असलेला एक देशही रोखू शकतो. शस्त्रागारांवर पहिल्या आठवड्यात पहारा कोणाचा, आणि पोलीस, शिक्षक, वीज कर्मचारी यांचे पगार पहिले सहा महिने कोणत्या खात्यातून, हे ठरावाच्या परिशिष्टात आले पाहिजे. निर्वासितांसाठी सीमा उघडणाऱ्या शेजारी देशांचा खर्चही तिथेच लिहावा.

या प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि कत्तल खरोखर चालू असेल, तर बाजूने मत द्या, आणि आपल्या तुकड्या किती व किती काळ हे संसदेला आधी सांगा.

आपले,
आंतरराष्ट्रीय कायदा व संरक्षण विषयांचे काही अभ्यासक