उपरोधिक भित्तिपत्रक म्हणजे मोठे केलेले व्यंगचित्र नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकीय भित्तिपत्रकांवरील आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र उपरोधिक भित्तिपत्रक ही व्यंगचित्राचीच मोठी आवृत्ती असून त्याने सामान्य माणसाची दिशाभूल होते, हे त्यातील मत मला पटले नाही. व्यंगचित्राकडे वळताना वाचकाची हसण्याची तयारी झालेली असते. भित्तिपत्रक मात्र खऱ्या जाहिरातींच्या शेजारी, त्यांच्यासारखेच दिसत उभे असते. येणारा-जाणारा क्षणभर त्यावर विश्वास ठेवतो, दोन पावले पुढे जातो आणि मग थबकून मागे वळून पाहतो. ते थबकणे घडवणे हेच रचनाकाराचे खरे कौशल्य आहे.

जर्मन ग्राफिक डिझायनर क्लाउस श्टेक यांचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९७१ साली न्यूरेंबर्ग शहर चित्रकार ड्यूररची पाचशेवी जयंती साजरी करत होते. ड्यूररने १५१४ मध्ये आपल्या वृद्ध आईचे कोळशाने चित्र काढले होते: गाल आत गेलेले, कपाळ सुरकुतलेले, गळ्याची हाडे वर आलेली. श्टेक यांनी त्या चित्रासोबत एवढाच प्रश्न छापला, ‘या बाईला तुम्ही खोली भाड्याने द्याल का?’ आणि ती भित्तिपत्रके त्याच शहरात लावली. चित्र म्हणून जिचे कौतुक चालले होते, तीच म्हातारी घर मागायला दारात उभी राहिली. यात कोणाचे नाक लांब केलेले नाही की कोणाच्या चेहऱ्याची थट्टा नाही. उत्तर मात्र पाहणाऱ्यालाच द्यावे लागते.

पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांनी एका आलिशान बंगल्याच्या छायाचित्रासह कामगारांना इशारा दिला, की सोशल डेमोक्रॅट पक्ष तुमचे तेसिनमधील बंगले काढून घेणार आहे. तेसिन हा स्वित्झर्लंडचा निसर्गरम्य प्रांत, धनिकांच्या सुट्टीतल्या घरांसाठी प्रसिद्ध. तिथे आपला बंगला नाही हे प्रत्येक कामगाराला ठाऊक होते, त्यामुळे ‘ते सत्तेवर आले तर तुमचे सगळे जाईल’ या प्रचारातली भीती नेमकी कोणाची, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. याला दिशाभूल म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अशा कामाची किंमतही मोजावी लागते. १९७६ मध्ये बॉन येथील प्रदर्शनात विरोधी पक्षाच्या काही खासदारांनी श्टेक यांची भित्तिपत्रके भिंतीवरून फाडून काढली. त्यांच्या कामावर बंदी आणण्यासाठी एकूण ४१ वेळा कायदेशीर प्रयत्न झाले आणि ते सर्व निष्फळ ठरले. श्टेक स्वतः कायद्याचे पदवीधर, त्यामुळे प्रत्येक शब्द ते तोलून घेत असावेत, असे मला वाटते.

लेखासोबत छापलेली भित्तिपत्रके इतकी लहान होती, की त्यांवरील मजकूर वाचताच येत नव्हता, आणि या कलेत तर मजकूर हा चित्राचा निम्मा भाग असतो. पुढील अंकात निदान एक भित्तिपत्रक मराठी अनुवादासह पूर्ण पानावर, शेजारी कोणतेही स्पष्टीकरण न देता छापावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक