नऊ नावांची यादी आणि तिचा हिशेब

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत अमेरिकेतील बेसबॉलवर आलेला लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात या खेळाच्या वाट्याला अर्धे पान येणे ही अपूर्वाईच आहे आणि त्याबद्दल आधी आभार मानतो. मात्र मेजर लीगचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेतले, संघ आपल्या मायनर लीगमधील, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या, होतकरू खेळाडूंची पारख कशी करतात, हे सांगताना लेखकाने केलेली दोन विधाने मला पटली नाहीत. खालच्या लीगमधली फलंदाजीची सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण) पाहिली की खेळाडू कळतो, हे त्यातले पहिले. दुसरे असे की, होतकरूंच्या ज्या याद्या दरवर्षी निघतात त्यांतली बहुतेक नावे पुढे चमकत नाहीत, म्हणून त्या याद्या म्हणजे निव्वळ ज्योतिष.

नोकरीच्या निमित्ताने २००९ ते २०१३ मी आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल येथे होतो. वॉलमार्टचे मुख्यालय तिथे असल्यामुळे पुण्या-मुंबईकडची संगणकवाली मंडळी त्या भागात बरीच आढळतात. जवळच स्प्रिंगडेलला कॅन्सस सिटी रॉयल्सचा डबल-ए दर्जाचा संघ, म्हणजे नॉर्थवेस्ट आर्कान्सा नॅचरल्स, खेळतो. क्रिकेटची तहान भागवायला दुसरे काही नव्हते म्हणून मी तिथे जाऊ लागलो आणि पुढे त्या मैदानाचा नादच लागला. त्यामुळे या विषयावर मी लिहितो ते तज्ज्ञ म्हणून नव्हे, होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या खुर्च्यांवर बऱ्याच संध्याकाळी काढलेला प्रेक्षक म्हणून.

ही व्यवस्था मुळात १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी उभी केली. दुसऱ्यांचे तयार खेळाडू भारी किंमत मोजून घेण्यापेक्षा खालच्या दर्जाचे संघ आपल्याच ताब्यात ठेवावेत आणि पीक आपणच काढावे, असा त्यांचा विचार होता. ‘फार्म सिस्टीम’ हे नाव तिथलेच. आज तीस मेजर लीग संघांपैकी प्रत्येकाकडे सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असे चार संघ आहेत आणि त्यांच्याही खाली नवशिक्यांची लीग आहे. यांत डबल-एची पायरी सर्वांत निसरडी मानतात, कारण खाली नुसत्या वेगवान चेंडूवर पोट भरलेल्या फलंदाजाला इथे पहिल्यांदा असे पिचर (चेंडू टाकणारे) भेटतात, जे अडचणीत सापडले तरी वळणारा किंवा मुद्दाम मंद केलेला चेंडू टाकायला कचरत नाहीत.

आता पारखीविषयी. स्प्रिंगडेलला होम प्लेटच्या मागे, जाळीच्या आड, पाच-सहा माणसे नेहमी दिसत. डोक्यावर टोपी, हातात वेग मोजणारे रडार, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. हे वेगवेगळ्या संघांचे स्काउट. चेंडू बॅटला लागला की सारे मैदान चेंडूकडे पाही आणि ही माणसे मात्र फलंदाजाच्या पायांकडे पाहात. उजव्या हाताचा फलंदाज फटका मारल्यापासून ४.३ सेकंदांत पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यांपैकी पहिल्यावर) पोचला तर तो धावण्यात सर्वसाधारण. डावखुरा बेसच्या थोडा जवळ उभा असतो म्हणून त्याला ४.२. कॅचरने (फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याने) चेंडू झेलल्यापासून तो दुसऱ्या बेसवरच्या हातमोज्यात पोचेपर्यंत दोन सेकंद, हे तिथले माप. अशा मोजमापांवरून आणि डोळ्यांनी पाहिलेल्यावरून प्रत्येक गुणाला २० ते ८० यांमधला अंक देतात, आणि ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. फलंदाजाचे गुण पाच: चेंडू बॅटला लावण्याची हातोटी, ताकद, वेग, फेक आणि क्षेत्ररक्षण. प्रत्येक गुणाला अंक दोन असतात, एक आजचा आणि एक तो पुढे कुठवर जाईल याचा. स्काउटची सारी कसोटी या दुसऱ्या अंकात आहे.

एका संध्याकाळी एका डावखुऱ्या फलंदाजाने चार वेळा खेळून एकदाही बेस गाठला नाही. दोन फटके त्याने असे खणखणीत मारले होते की झेल घेणाऱ्याला तो चेंडू हातात आल्यावरच कळला असावा. फलकावर त्याची सरासरी उतरली. माझ्या पुढच्या रांगेतले एक वयस्कर स्काउट त्याच्यासाठी अर्धे पान लिहीत होते आणि तीन वेळा लुळ्या फटक्यांवर नशिबाने बेस मिळवलेल्या दुसऱ्या एकाच्या नावापुढे त्यांनी एक ओळसुद्धा खर्च केली नव्हती.

सरासरी खोटी नसते. पण ती कुठे, कोणत्या वयात आणि कोणत्या प्रकृतीत कमावली हे विचारल्याशिवाय ती वाचता येत नाही. रॉयल्सचेच उदाहरण घ्या. माइक मूस्टाकस २००७ च्या नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) दुसऱ्या क्रमांकाने घेतलेला. २००९ मध्ये डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला खेळताना त्याची सरासरी जेमतेम ०.२५० होती आणि कॅन्सस सिटीत लोकांनी नाके मुरडली. विल्मिंग्टनचे मैदान पिचरांना धार्जिणे म्हणून प्रसिद्ध आहे, हे त्यांतल्या किती जणांनी लक्षात घेतले असेल कोण जाणे. पुढच्याच वर्षी स्प्रिंगडेल आणि ओमाहा मिळून त्याने ३६ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले. याउलट ओमाहाचा ट्रिपल-ए संघ तेव्हा ज्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये होता, तिथे सहा हजार फुटांहून उंचावरच्या कोलोरॅडो स्प्रिंग्ससारखी मैदाने होती. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि पिचरचा चेंडू नीट वळतही नाही. त्या लीगमधली ०.३०० ची सरासरी आणि विल्मिंग्टनची ०.३०० एकाच तराजूत घालणे म्हणजे महाबळेश्वर आणि नागपूर इथल्या उन्हाळ्यांची तुलना पंख्याच्या वेगावरून करण्यासारखे आहे.

एरिक हॉस्मरची गोष्ट तर मला अजूनही सांगाविशी वाटते. २००८ मध्ये तिसऱ्या क्रमांकाने निवडलेला हा पोरगा २००९ मध्ये ०.२४१ वर अडकला. हाताला दुखापत होतीच. शिवाय त्याची नजर अधू असल्याचे लक्षात आले आणि हंगामानंतर डोळ्यांवर लेसिक झाली. २०१० मध्ये सरासरी ०.३३८, आणि तीही विसाव्या वर्षी, म्हणजे त्या लीगमधल्या बहुतेकांपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असताना. केवळ तक्ता वाचणाऱ्याने २००९ च्या अखेरीस त्याच्यावर काट मारली असती. वयाचा मुद्दा लेखात मुळीच आलेला नाही, म्हणून इथे आग्रहाने मांडतो: डबल-एमध्ये वीस वर्षांच्या मुलाने ०.२७० काढणे हे पंचविशीतल्याने ०.३१० काढण्यापेक्षा बरेचदा अधिक आशादायक धरतात.

लेखात रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचा धावता उल्लेख आहे. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेकपटू; २००८ मध्ये भारतात झालेल्या वेगवान फेकीच्या स्पर्धेतून पुढे आले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. रिंकूचा चेंडू ताशी ८७ मैलांवर गेला होता. फेकीच्या गुणाला अंक मिळाला, पण चेंडू हवा तिथे टाकणे, वळवणे, फलंदाजाला चकवणे हे सारे शून्यापासून शिकायचे होते. रिंकू सिंगल-एपर्यंत चिकाटीने गेला, पुढे कोपराच्या दुखापतीने गाडी अडली. याला अपयश म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आधी बेसबॉलचा चेंडूही हाताळलेला नसताना त्या पायरीवर पोचणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता दुसऱ्या, अधिक गंभीर विधानाकडे येतो. लेखकाने रॉयल्सच्या २०११ च्या यादीचाच दाखला दिला आहे. त्या वर्षी ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाच्या पहिल्या शंभर होतकरूंत एकट्या रॉयल्सचे नऊ जण होते: हॉस्मर, मूस्टाकस, विल मायर्स, जॉन लँब, माइक माँटगोमेरी, क्रिस्टियन कोलोन, डॅनी डफी, जेक ओडोरिझी आणि ख्रिस ड्वायर. लेखकाच्या मते यांतले खरे नावारूपाला आले ते दोघे-तिघेच, म्हणून यादी फसली. ही मोजणीच मुळात चुकीच्या वहीत केलेली आहे. मायनर लीगमधला खेळाडू हा भावी संघाचा सदस्य तर असतोच, पण तो संघाच्या हातातला माल आणि चलनही असतो. मेजर लीगमधल्या साधारण सहा वर्षांच्या सेवेपर्यंत त्याचे हक्क संघाकडे राहतात आणि त्यांतली सुरुवातीची वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो; म्हणून दुसरे संघ त्याच्यासाठी मोठी किंमत मोजायला तयार असतात.

त्या हिशेबाने पाहू. हॉस्मर आणि मूस्टाकस २०१५ च्या विजेत्या संघाचे पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरचे खांब होते. डफीने २०१० मध्ये खेळच सोडून घर गाठले होते, काही महिन्यांनी परतला, मग कोपराची शस्त्रक्रिया, आणि त्यानंतरही २०२१ पर्यंत रॉयल्ससाठी पिचिंग केले. मायर्स, ओडोरिझी आणि माँटगोमेरी यांना डिसेंबर २०१२ मध्ये टँपा बे संघाला देऊन रॉयल्सने जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस हे पिचर आणले. तेव्हा सरव्यवस्थापक डेटन मूर यांच्यावर टीकेची झोड उठली, कारण मायर्सने त्याच हंगामात खालच्या लीगमध्ये ३७ होम रन मारले होते, आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदितही ठरला. मीही त्या दिवसांत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मूर यांना भरपूर नावे ठेवली. शील्ड्सने २०१४ मध्ये संघाला १९८५ नंतर प्रथमच बाद फेरीत नेण्यात मोठा वाटा उचलला आणि डेव्हिसने २०१५ च्या विश्वमालिकेतला (मेजर लीगच्या अंतिम मालिकेतला) शेवटचा चेंडू टाकला. लँबचे कोपर २०११ मध्येच गेले, त्याचा वेग पूर्वीसारखा राहिला नाही. तरीही जुलै २०१५ मध्ये आणखी दोघांसह त्याला सिनसिनाटीच्या संघाला देऊन जॉनी क्वेतो हा पिचर आला, आणि क्वेतोने विश्वमालिकेच्या दुसऱ्या सामन्यात एकट्याने नऊ डाव टाकून प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क मेट्सला दोनच हिट (यशस्वी फटके) दिले.

राहिला कोलोन. चौथ्या क्रमांकाने निवडलेला हा खेळाडू नियमित जागा कधीच पटकावू शकला नाही. पण १ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये, बाराव्या डावात, त्या वर्षीच्या संपूर्ण बाद फेरीत पहिल्यांदाच त्याच्या हाती बॅट आली आणि त्याच्या फटक्यावर आघाडीची धाव आली. रॉयल्स विश्वविजेते झाले. नवांपैकी ज्याचा हिशेब कुठेच लागत नाही असा ड्वायर एकटाच, आणि त्यालाही मेजर लीगचे दोन सामने मिळाले.

यादीत दोष नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही. तिचा मोठा दोष लेखकाने सांगितलाच नाही: त्या शंभरांत साल्वादोर पेरेझ नव्हता. व्हेनेझुएलाच्या या कॅचरला रॉयल्सने २००६ मध्ये ६५ हजार डॉलरना घेतले होते आणि २०१५ च्या विश्वमालिकेचा मानकरी तोच ठरला. २०११ च्या सुरुवातीला तो स्प्रिंगडेलला होता. माझ्या जुन्या वहीत त्याच्याविषयी माझेच अक्षर आहे, ‘फार आडदांड, गुडघे टिकणार नाहीत’. त्याच संध्याकाळी पुढच्या रांगेतले स्काउट त्याच्या प्रत्येक फेकीला स्टॉपवॉच दाबून एकमेकांना काटा दाखवत होते, हेही मला स्वच्छ आठवते. मी त्याचा अर्थ लावला नाही इतकेच. ऑगस्टमध्ये तो कॅन्सस सिटीत पोचला आणि दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याने ४८ होम रन मारले. त्या गुडघ्यांवरच.

शेवटी एक विनंती. लेखासोबत छापलेल्या तक्त्यात खेळाडूचे नाव, सरासरी आणि होम रन एवढेच रकाने होते. पुढच्या वेळी त्यांत वय, लीगचा दर्जा आणि घरच्या मैदानाचे गाव हे तीन रकाने वाढवावेत, आणि पिचर असल्यास कोपराची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, हेही नोंदवावे. जागा अपुरी पडल्यास होम रनचा रकाना काढला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
पुणे