साल्हेरच्या पायथ्याशी एक नळ, एक जाळी

महोदय,

साल्हेरसह मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेव्हापासून बागलाणात पर्यटकांसाठी काय काय उभारता येईल, याची चर्चा नाशिकमध्ये अधूनमधून कानावर येते. त्या चर्चेत हॉटेल असते, रिसॉर्ट असते. मुक्कामी आलेल्या गाडीतले सांडपाणी कुठे सोडायचे, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही. माझा मुद्दा तेवढाच आहे आणि तो मला फ्रान्समध्ये सुचला.

गेल्या सप्टेंबरात पत्नी आणि मी भाड्याची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, घेऊन लोआर नदीच्या खोऱ्यातले किल्ले-राजवाडे पाहत दक्षिणेला कार्कासोनच्या तटबंद शहरापर्यंत गेलो. साडेतीन टनांपर्यंतची अशी गाडी तिथे साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, त्यामुळे कागदपत्रांची अडचण आली नाही. पंचाईत केली ती उंचीने. पहिल्याच संध्याकाळी एका जुन्या गावाच्या वाहनतळाच्या तोंडाशी दोन मीटरवर आडवा दांडा निघाला आणि आमची गाडी होती पावणेतीन मीटर. मागे रांग लागलेली, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याचा सराव नाही, अशा अवस्थेत गाडी मागे घेताना त्या थंडाव्यातही घाम फुटला.

मात्र दांडा लावून त्या गावाने आम्हाला वाऱ्यावर सोडले नव्हते. अर्ध्या किलोमीटरवर नगरपालिकेनेच अशा गाड्यांसाठी राखलेला तळ होता. त्याला तिकडे ‘एर’ म्हणतात आणि तो अगदी लहान गावांतही आढळतो. आठ-दहा गाड्यांपुरती सपाट जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ, भांडी घासल्याचे पाणी सोडायला जमिनीत बसवलेली लोखंडी जाळी, शौचालयाची टाकी ओतायला झाकणाचे वेगळे तोंड आणि ती विसळायला दुसरा नळ, एवढाच सगळा पसारा. इमारत नाही, पहारेकरी नाही. सकाळी मुक्कामाची मंडळी गावातल्या बेकरीपुढे पावासाठी उभी, म्हणजे गावालाही चार पैसे सुटत होते. शांबोरच्या राजवाड्याचे काम १५१९ मध्ये सुरू झाले. तिथल्या दुहेरी वळणाच्या जिन्यात चढणारा आणि उतरणारा एकमेकांना आडवे येत नाहीत. जन्मभर अभियंता म्हणून नोकरी केलेल्या मला त्या जिन्याचे जितके कौतुक वाटले, खरे सांगायचे तर तितकेच या जाळीचे वाटले.

आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये अशाच मुक्कामी गाड्यांच्या, म्हणजे कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. पण किल्ल्याच्या पायथ्याशी शनिवारी रात्री काय घडते, ते मी स्वतः पाहिले आहे. दोनच्या सुमारास टेम्पो ट्रॅव्हलर येतात, मारुतीच्या देवळात पथाऱ्या पडतात आणि उजाडण्यापूर्वी पाण्याच्या बाटल्या घेऊन सगळे कोणाच्या तरी बांधाकडे निघतात. ज्याचे शेत आहे, त्याला या पर्यटनातून दुसरे काय मिळते?

फ्रान्सची व्यवस्था जशीच्या तशी इथे चालणार नाही, हेही मान्य आहे. आपल्या पायथ्याच्या वाड्यांत भुयारी गटारे नाहीत, तेव्हा सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा लागेल, तोही विहिरीपासून चांगला लांब. गाडीच्या शौचालयात घालायची काही रसायने सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतात, म्हणून ती चालणार नाहीत, हे पाटीवर ठळक लिहावे लागेल. एप्रिल-मे महिन्यांत गावालाच पाणी पुरत नाही, त्यामुळे ते मोजून आणि पैसे घेऊनच द्यावे. तळ गडाच्या वाटेला खेटून नको, थोडा अलीकडे हवा. मुक्कामाची पावती ग्रामपंचायतीने फाडावी आणि पैसे तिच्याकडेच राहावेत.

साल्हेरच्या पायथ्याच्या वाघांबे किंवा साल्हेरवाडी यांपैकी एका गावाच्या ग्रामसभेपुढे जिल्हा प्रशासनाने हा विषय पुढच्या पावसाळ्यापूर्वी ठेवावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता
इंदिरानगर, नाशिक