डॉक्टरकाकांच्या कपाटातली आपली कार्डं

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई सहज म्हणाली, "अगं, डॉक्टरकाका महिनाअखेरीस दवाखाना बंद करताहेत," आणि लगेच द्राक्षांच्या भावावर गेली. मी मात्र तिथेच अडकले.

बाबा, तुमचं ते पिवळट पुठ्ठ्याचं कार्ड आठवतंय? वरच्या कोपऱ्यात लाल शाईत "पेनिसिलिन नको" लिहिलेलं. मी सातवीत असताना इंजेक्शननंतर तुमच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, तेव्हा काकांनी ते लिहिलं. आज ही गोष्ट कुठे आहे? आपल्या तिघांच्या डोक्यात, काकांच्या डोक्यात आणि त्या कार्डावर. रात्री दोन वाजता तुम्हाला अनोळखी हॉस्पिटलात न्यायची वेळ आली आणि आई घाबरून विसरली तर?

म्हणून या आठवड्यातच पंचवटीत जाऊन कार्डं घेऊन या. तुम्ही म्हणणार, "निघताना त्यांच्याकडे कागद काय मागायचे, बरं दिसत नाही." अहो, दवाखान्याला कुलूप लागल्यावर त्यांच्या घरी फोन करत बसणं जास्त वाईट दिसेल. कार्ड द्यायला ते कां-कूं करणार नाहीत. फार तर म्हणतील, मूळ माझ्याकडे राहू दे, झेरॉक्स घ्या. चालेल.

साधा अर्ज सोबत न्या. दोन प्रती, एक त्यांना, दुसरीवर तारखेसह सही. तेवढी औपचारिकता असू दे. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच आहे. पण हे काकांना ऐकवू नका हं!

त्याच नियमांत आणखी एक मेख आहे. ॲडमिट केलेल्या पेशंटचे कागद सांभाळायचं बंधन तीनच वर्षांचं. तुमची अँजिओप्लास्टी २०१९ ची. हॉस्पिटलात ती फाइल अजून असेलच, हे धरून चालू नका. तुमचं डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचं कार्ड तुम्ही काकांना दाखवायला नेलं होतं आणि तिथेच राहिलं, असं आईच म्हणाली होती. ते दोन्ही आधी शोधा.

कार्डापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती काकांच्या हातची एक चिठ्ठी: कोणते आजार कधीपासून, सध्याच्या गोळ्या किती मिलिग्रॅमच्या, कशाची ॲलर्जी, कोणती गोळी देऊन का बंद केली. हे शेवटचं कुठल्याच रिपोर्टात नसतं. नव्या डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली की मग कळतं.

आई, तुझंही कार्ड आण. "मला काय झालंय" म्हणू नकोस. थायरॉइडची गोळी पंचवीसवरून पन्नासवर कधी गेली, सांग बरं? नाही ना सांगता येत?

घरच्या प्लास्टिकच्या पिशवीतले ईसीजीही काढा. तो गुळगुळीत कागद काही वर्षांत पुसट होतो. झेरॉक्स काढा आणि बाबा, कृपा करून लॅमिनेट करू नका. उष्णतेने तो अख्खा काळा पडतो. तुमचा लॅमिनेशनचा उत्साह मला ठाऊक आहे. रक्ताचे जुने रिपोर्ट लॅबमधून पुन्हा छापून मिळतात का, ते मी फोनवर विचारते.

स्कॅन करून आभा खात्यात, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्यात, टाकायचं काम माझं. चौदा आकडी नंबर लागतो, तो मी आल्यावर काढू. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येईल, तेवढा बाबांचा फोन चार्ज असू दे.

मी शुक्रवारी रात्री येते. शनिवारी सकाळी काकांना भेटायला तिघं मिळूनच जाऊ. आई, त्यांना आवडतात तसे रव्याचे लाडू करशील? थोडे जास्तच कर, कंपाउंडरकाकांनाही देऊ.

तुमची,
मनू